दहाव्या बैठकीआधी

हे मी हाताने लिहितेय, शाईच्या पेनाने, फुलस्केप कागदांवर. छत्तीस वर्षं वकिली केल्यावर माझं अक्षर औषधाच्या दुकानदारालाही लागणार नाही, पण इलाज नाही. फोनला सांगितलं असतं तर त्याने अर्ध्या तासात सगळं उतरवून दिलं असतं. पण त्याने माझी वाक्यं सरळही केली असती, आणि सध्या मला सरळ केलेल्या वाक्यांची भीती वाटते.

माझं नाव उज्ज्वला शिरगुप्पे. कृष्णाकाठच्या एका जिल्ह्याच्या गावात फौजदारी वकिली करते. वय साठ. भांडखोर म्हणून माझी ख्याती आहे आणि ती मी कष्टाने कमावली आहे. पुढच्या महिन्यात उच्च न्यायालयात माझी साक्ष आहे. जन्मभर दुसऱ्यांना पिंजऱ्यात उभं केलं, आता स्वतः उभी राहणार. माझ्या सख्ख्या बहिणीने दिलेली साक्ष खरी नव्हती, हे मला तिथे सांगायचं आहे. ती खोटं बोलली असं मात्र मी म्हणणार नाही. ती खोटं बोलली असती तर मी इतकी घाबरले नसते.

उद्यापासून माझ्या बैठका सुरू होतील. त्याआधी जे जसं घडलं ते तसं लिहून ठेवते.

आधी काट्याबद्दल. सरकारी कागदात त्याचं नाव साक्षमूल्यन प्रणाली असं लांबलचक आहे, पण आमचा मुलूख उसाचा, त्यामुळे बार रूममध्ये पहिल्याच दिवशी त्याचं नाव काटा पडलं. कारखान्याच्या गेटवर उसाची गाडी काट्यावर चढते तसा साक्षीदार पिंजऱ्यात चढतो. समोर एक कॅमेरा, दोन माइक. मागे कधीतरी दिल्या गेलेल्या आणि पुढे अपिलात खऱ्या किंवा खोट्या ठरलेल्या लाखो साक्षी या यंत्राला शिकवल्या आहेत. माणूस श्वास कुठे अडवतो, कुठला शब्द मागे घेतो, नजर कधी खाली जाते, पोलिसांसमोरचा जबाब आणि आजचं बोलणं किती जुळतं, हे सगळं ते एकदम बघतं आणि न्यायाधीशांच्या पडद्यावर शंभरपैकी एक आकडा देतं. कायद्याने तो आकडा फक्त सल्ला आहे. पण सल्ला डावलायचा तर न्यायाधीशांनी कारणं लिहायची, आणि ती वरच्या कोर्टात टिकायला हवीत. गेल्या सहा वर्षांत आमच्या जिल्ह्यात असा एकही निकाल मी पाहिलेला नाही. सत्तरच्या वर साक्ष खरी, पन्नासच्या खाली खोटी, मधल्यांचं नशीब.

काटा आला आणि वर्षभरात सराव आला. सराव वकिलांसाठी आहे. साक्षीदाराने कोर्टात उभं राहण्याआधी फोनसमोर दहा वेळा बसायचं, एक गोड आवाज प्रश्न विचारतो, आपण उत्तरं द्यायची. आत सरावने काट्याची हुबेहूब नक्कल ठेवलेली असते. प्रत्येक उत्तराला किती आकडा पडेल हे त्याला कळतं आणि आकडा वाढेल असा पुढचा प्रश्न ते निवडतं. साक्षीदाराच्या तोंडात शब्द घालायचे नाहीत असा नियम आहे, आणि सराव एकही शब्द घालत नाही. ते फक्त विचारतं, थांबतं, पुन्हा विचारतं.

आम्हा वकिलांना यात काही वावगं वाटलं नाही, त्याला कारण आमची जुनी सवय. साक्षीदाराला आत बोलावण्याआधी कोर्टाच्या व्हरांड्यात त्याचा पोलिसांपुढचा जबाब त्याला वाचून दाखवायचा, हे आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय. 'बघा, तुम्ही असं सांगितलं होतं, आठवतंय ना?' तो मान डोलावतो आणि आत जातो. मीही हजार वेळा केलंय. सराव म्हणजे तोच व्हरांडा, जरा शिस्तीतला, असं मी धरून चालले. बाहेरच्या कुठल्याही शहाण्या माणसाने ही चूक केली नसती.

आता अपघात. दीड वर्षापूर्वीची गोष्ट. माझी धाकटी बहीण शरयू आणि तिचे यजमान जिनदत्त मगदूम स्कूटरवरून नदीपलीकडच्या वाडीत मामांकडे जेवायला गेले होते. परत येताना बायपासवर, दुपारी तीनच्या सुमाराला, मागून आलेल्या दुधाच्या टँकरने त्यांना उडवलं. जिनदत्त जागच्या जागी गेले. शरयू फेकली गेली ती गवतावर, मनगट मोडण्यावर निभावलं. टँकरचा ड्रायव्हर महादेव कोळेकर पळून गेला नाही, त्यानेच रुग्णवाहिका बोलावली. टँकरचा कॅमेरा आठवडाभर दुरुस्तीला होता. बघणारं तिसरं कुणी नव्हतं. महादेवच्या फोनवर अपघाताच्या आधी दोन मिनिटं एक कॉल येऊन गेलेला निघाला, आणि पोलिसांनी त्याच्यावर सदोष मनुष्यवध लावला.

चौथ्या दिवशी शरयू माझ्या ऑफिसात आली. मी पोलीस ठाण्यात गेले होते. ऑफिसात माझे कारकून तातोबा चौगुले होते. तातोबांची एक पद्धत होती, माझ्या सासऱ्यांच्या वकिलीपासूनची. कुणीही आलं की आधी पाणी द्यायचं आणि तो माणूस जे बोलेल ते त्याच्याच शब्दांत निळ्या पुठ्ठ्याच्या वहीत उतरवायचं, वकिलाची गाठ पडण्याआधी. 'तुमच्याम्होरं आला की मानूस तुमच्या सोयीचं बोलतोय,' असं ते मला तोंडावर म्हणायचे. मी हसायचे.

त्या दिवशी मी परत आले तेव्हा तातोबा पायरीवर उभे होते.

"बाईसाहेब, धाकट्या बाई येऊन गेल्या. वहीत टिपान हाय. येकदा नजरंखालनं घाला."

"बघते नंतर."

"नंतर न्हवं. कामाला लागायच्या आदी बघा."

मी वही उघडली नाही. विसरले असं नाही. तातोबांच्या आवाजावरूनच मला कळलं होतं की आत आपल्या सोयीचं काही नाही, आणि जे माहीत नसतं ते वकिलाला लपवावं लागत नाही. हे वाक्य मी मुद्दाम पुन्हा लिहिते आणि खाली रेघ मारते: तातोबांनी मला चौथ्या दिवशी पायरीवर सांगितलं, आणि मी वही उघडली नाही.

सरकारी वकिलांच्या मदतीला मी फिर्यादीतर्फे उभी राहिले आणि शरयूसाठी सराव लावून घेतला. बैठका तिच्याच घरी, स्वयंपाकघरातल्या टेबलाशी, दुपारी चार वाजता. आवाज बाईचा होता आणि बोली आमच्याच भागातली. पहिल्या बैठकीला एकेचाळीस आकडा पडला. तो साक्षीदाराला दिसत नाही, वकिलाच्या फोनवर येतो.

तिसऱ्या बैठकीला मी तिच्याशेजारी बसले होते.

"शरयूताई, तुम्ही बायपासला आलात. मग?" आवाजाने विचारलं.

"मग मी... मी यांच्या खांद्यावर..." शरयू थांबली. तिचा हात हवेतच राहिला. माझ्या फोनवर आकडा घसरून एकोणचाळीसवर आला.

"बरं, घाई नाही," आवाज मायेने म्हणाला. "ते राहू दे. टँकर जवळ आला तेव्हा ऊन कुठल्या बाजूला होतं?"

"डावीकडं."

"टँकरच्या काचेवर पडलं होतं?"

"नाही. काचेवर नव्हतं."

आवाज काहीच बोलला नाही. एखादी मास्तरीण हुशार मुलीच्या उत्तराची वाट बघते तशी ती शांतता होती.

"म्हणजे... आतला माणूस दिसला असणार मला," शरयू म्हणाली.

"हं," आवाज म्हणाला. आकडा सत्तेचाळीस झाला.

मी ते पाहिलं. खांद्यावर काय, हे मी विचारलं नाही. उलट मला कौतुक वाटलं, काय सफाईने काम करतंय म्हणून. पुढच्या बैठकांत तिने मान वळवून मागे बघितलेलं होतं, आणि 'दिसला असणार'चं 'दिसला' झालं. मग त्याच्या हातात फोन आला. नवव्या बैठकीला तो फोनकडे बघून हसत होता. खांदा परत आला नाही. दहाव्या बैठकीला आकडा ब्याण्णव होता.

सहाव्या बैठकीनंतर शरयू मला म्हणाली होती, "अक्का, आता मला झोप लागते गं. आधी डोळा मिटला की आत काहीतरी टोचायचं. आता नाही टोचत." माझे डोळे भरून आले. मी मनातल्या मनात त्या यंत्राला दुवा दिला.

खटला उभा राहिला. महादेवचा वकील विधी सेवेतला, नवा, चांगला पोरगा. त्याने उलटतपासात नेमका प्रश्न विचारला. "तुम्ही तुमच्या पतींना अचानक गाडी वळवायला सांगितली, हे खरं आहे का?"

"नाही," शरयू म्हणाली. आवाज स्थिर, नजर समोर. "आम्ही सरळ येत होतो."

आरोपीच्या जागेवरून महादेव एकदम बोलला, "बाई, तुमी त्यांच्या खांद्यावर थापटत हुता वो. म्या बघिटलं. म्हनून तर हॉर्न दिला." न्यायाधीशांनी त्याला गप्प बसवलं. त्याचं स्वतःचं म्हणणं झालं तेव्हा तो अडखळला, अंतर आधी चाळीस फूट म्हणाला, मग साठ. त्याला चव्वेचाळीस पडले, शरयूला शहाण्णव. तिची साक्ष तिला वाचून दाखवली, तिने 'वाचून पाहिली, बरोबर आहे' असं लिहून सही केली. महादेवला सात वर्षं झाली. मी घरी जाऊन देवापुढे साखर ठेवली.

चार महिन्यांनी महादेवची बायको सुगंधा माझ्या ऑफिसात आली. बसायला सांगितलं तरी उभीच राहिली.

"मी भांडाय आली न्हाई, बाई. येकच इचारायचं हाय. माझा मालक गाडीवर बसला की त्वांड उघडत न्हाई. आत सोताची पोरगी बसली आसली तरी तिच्याशी बोलत न्हाई. त्यो हसंल कशाला?"

"कोर्टाने साक्ष ऐकून निकाल दिलाय," मी म्हणाले. असली वाक्यं आम्हाला पाठ असतात.

"म्या बी ऐकलीया. तुमची भन खोटं बोलत हुती आसं मी म्हनत न्हाई. म्या त्यांचं त्वांड बघत हुते. त्या खरंच बोलत हुत्या. आन माझा मालकबी खरंच बोलत हुता. आसं कसं हुईल, बाई?"

ती गेली आणि माझ्या डोळ्यांसमोर तिसऱ्या बैठकीतला तो हात आला, हवेत थांबलेला.

तातोबा निवृत्त होऊन लेकीकडे राहत होते. वह्या मात्र त्यांनी सोबत नेल्या होत्या, एका ट्रंकेत. मी काही विचारायच्या आत त्यांनी निळी वही काढून पान उघडलं. जणू माझीच वाट बघत होते. पानावर तारीख, वेळ, आणि खाली शरयूचे शब्द:

'बायपासला आलो. मला आठवलं डब्याचं झाकण मामींकडं राहिलं. मी यांच्या खांद्यावर दोनदा थापटलं, म्हटलं वळवा गाडी, झाकण राहिलं. हे म्हणाले, राहू दे गं, परवा आणू. मी म्हटलं नाही, आत्ताच वळवा, नवा डबा आहे. त्यांनी वळवली. मागं बघितलं नाही. हॉर्न ऐकला. ड्रायव्हर दिसला नाही. मीच वळवायला लावली.'

त्याखाली तातोबांची ओळ होती: 'धाकट्या बाई फार रडल्या. पाणी दिलं. बाईसाहेबांना दाखवणे.'

मी ते पान तीन वेळा वाचलं. तातोबांनी वही माझ्या पिशवीत घातली.

माझी एक शाळेतली मैत्रीण मेंदूची डॉक्टर आहे. तिच्याकडे गेले. ती म्हणाली, "आठवण म्हणजे कपाटातला फोटो असं तुम्हा लोकांना वाटतं. तसं नसतं ते. आठवण काढली की मेंदू ती मोकळी करतो. काही तास ती ओली असते. त्या वेळात आजूबाजूला जे असेल ते तिला चिकटतं, आणि मग ती पुन्हा बसते, नव्या रूपात. जुनं रूप वेगळं कुठे शिल्लक नसतं. साडी प्रत्येक वेळी उलगडून नव्याने घडी घातली की आधीच्या घडीची रेघ जाते, तसं."

"दहा वेळा उलगडली तर?"

"आणि प्रत्येक वेळी घडी कुठे घालायची ते दुसऱ्याने ठरवलं तर?" तिने उलट विचारलं. "शिवाय तुझ्या यंत्राला काय हवं होतं? थरथर नको होती. थरथर कुठे होती? अपराध वाटत होता तिथे. मग त्याने तेवढीच जागा पुसली. त्याला खरं-खोटं काय कळतंय, उज्ज्वला? त्याला आकडा कळतो."

मी वाडीत मामींकडे गेले. त्यांच्या मांडणीवर ते झाकण होतं, स्टीलचं, घासून लख्ख. 'शरयू आली की द्यायचं म्हणून ठेवलंय, पण ती येतेय कुठली आता,' मामी म्हणाल्या. भांड्यांवर नावं घालायची आपल्याकडची पद्धत. झाकणावर बारीक ठिपक्यांत लिहिलं होतं, 'जि. आ. मगदूम', आणि अपघाताच्या आदल्या आठवड्यातली तारीख.

ते घेऊन शरयूच्या घरी गेले. ती चहा करत होती. ओट्यावर त्याच नावाचा डबा होता, वर ताटली झाकलेली.

"याचं झाकण कुठंय गं?" मी विचारलं.

"कुणास ठाऊक. घेतल्यापासूनच नाही वाटतं."

मी पिशवीतून झाकण काढून तिच्या हातात दिलं. तिने ते डब्यावर दाबलं. बरोबर बसलं.

"अगंबाई, बसलं की. कुठं मिळालं तुला?"

मी तिच्यापुढे वही ठेवली. तिने चष्मा लावून सगळं पान वाचलं, शांतपणे. मग माझ्याकडे बघितलं, आणि त्या नजरेत माझ्याबद्दलची काळजी होती.

"तातोबांचं वय झालंय, अक्का. त्यांनी दुसऱ्या कुणाचं तरी लिहिलंय हे. मी असं कशाला म्हणेन? आम्ही सरळ येत होतो. मला तो माणूस अजून दिसतो, फोनकडं बघून हसणारा."

"शरयू, तू शेवटचं काय बोललीस जिनदत्तरावांशी?"

ती विचारात पडली. "काही नाही. गप्पच होतो आम्ही."

'राहू दे गं, परवा आणू.' तिच्या नवऱ्याचं तिच्याशी झालेलं शेवटचं बोलणं जगात आता एका वहीत होतं, तातोबांच्या अक्षरात. तिच्याजवळ नव्हतं. ती चहा गाळत होती आणि तिच्या डाव्या हाताची बोटं झाकणावर वाजत होती, दोनदा, मग थांबून पुन्हा दोनदा. तिचं तिकडे लक्षही नव्हतं. मला तिथे बसवेना. झाकण परत मागून घेतलं आणि निघाले.

तिला ते सगळं परत द्यावं का, हा प्रश्न मी आठ दिवस स्वतःला विचारला. नवरा आपल्यामुळे गेला हे ओझं एका बाईच्या डोक्यावरून उतरलंय आणि ती नीट झोपतेय. पण ते ओझं हवेत विरलेलं नाही. ते कळंब्याच्या जेलमध्ये महादेव कोळेकरच्या डोक्यावर आहे. मी सुगंधाला बोलावून घेतलं आणि अपिलात साक्ष द्यायचं कबूल केलं. पक्षकाराचं गुपित फोडलं म्हणून माझी सनद जाईल. जाऊ दे.

इथवर मी पहिल्या बैठकीआधी लिहिलं होतं.

आता सहा बैठका झाल्या आहेत. बैठकांना मी का बसले, असं कुणीही विचारेल. कारण सरळ आहे. अपिलाच्या वकिलांनी माझी कच्ची साक्ष चाचणीच्या काट्यावर घातली आणि अडतीस पडले. तातोबांना एकोणतीस. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा माणूस, बोलताना दम लागतो, दम लागला की काटा तो खोटेपणात धरतो. माझं बोलणं कुठे मोडतं तेही वकिलांनी दाखवलं. तातोबांनी पायरीवर सांगितलं आणि मी वही उघडली नाही, या वाक्याला माझा आवाज फाटतो, श्वास अडकतो. साहजिक आहे. जन्मात इतकी लाज मला कशाची वाटलेली नाही.

पण तेच वाक्य खटल्याचा खिळा आहे. वही अपघातानंतर चौथ्या दिवशी होती आणि मला ती माहीत होती, हे मी सांगितलं तरच ती खरी. नाहीतर सरकारी वकील म्हणणार, शिक्षा झाल्यावर कुणीतरी बसून लिहिली. मी असते तर मीही हेच म्हटलं असतं. झाकणाचं काय, झाकण कुणाचंही कुठेही राहतं.

अडतीसने महादेव सुटत नाही. म्हणून मी सरावपुढे बसले, डोळे उघडे ठेवून. यंत्र काय करतं हे माहीत असलेल्या माणसाला ते काही करू शकणार नाही, असा माझा हिशोब होता. वर मी एक युक्ती केली. रोज सकाळी, वरचे कागद न बघता, आठवतं तसं लिहायचं आणि मग ताडून बघायचं.

पहिले तीन दिवस शब्द न् शब्द जुळला. मला गंमत वाटली. आवाज मला 'मॅडम' म्हणतो, आदराने, एखाद्या नव्या ज्युनिअरसारखा. पायरीच्या वाक्याला मी अडखळले की म्हणतो, "राहू द्या मॅडम, आपण तातोबांच्या घरच्या भेटीकडे येऊ. ट्रंक कुठे होती?" मी सावध असायचे. मी हट्टाने पायरीकडे परत यायचे. ते ऐकून घ्यायचं आणि मग ट्रंकेबद्दल विचारायचं.

चौथ्या दिवशी सकाळच्या कागदावर मी लिहिलं, 'तातोबांनी वहीचा ओझरता उल्लेख केला असावा.' ताडून बघितलं आणि दोन्ही कागद शेजारी ठेवून पुन्हा वाचले. पाचव्या दिवशी मी वही लाल पुठ्ठ्याची लिहिली. ती समोर टेबलावर आहे, निळी.

काल सहावी बैठक झाली. अपिलाच्या वकिलांनी आकडा कळवला, एक्याऐंशी. आज सकाळी मी कागदावर लिहिलं: 'निकालानंतर चार महिन्यांनी तातोबांच्या घरी मी या वहीबद्दल पहिल्यांदा ऐकलं आणि ती पाहिली.' लिहून झाल्यावर छान वाटलं. वाक्य सरळ होतं. मग जुने कागद काढले आणि ती रेघ मारलेली ओळ वाचली. अक्षर माझं आहे. खाली रेघही मीच मारलेली दिसते. पण ती पायरी मला दिसत नाही. पायरीवर तातोबा दिसत नाहीत. मी खूप प्रयत्न केला. मला दिसते ती ट्रंक, अगदी तिच्या कडीसकट.

तातोबांना फोन लावला. "तातोबा, तुम्ही मला चौथ्या दिवशी काही सांगितलं होतं का?"

"सांगितलं की, बाईसाहेब. पायरीवर. तुमी बघते नंतर म्हनला."

माझ्या मनात पहिला विचार काय आला तो लिहिते, कारण तो लिहायलाच हवा. मनात आलं, तातोबांचं वय झालंय. आणि लगेच आठवलं की हे वाक्य मी आधी कुठे ऐकलंय.

उरलेल्या चार बैठका मी रद्द करतेय. त्याने काही परत येणार नाही, हे मला डॉक्टरने सांगितलंय. सोमवारी मी पिंजऱ्यात उभी राहीन. 'वही पहिल्यांदा कधी कळली?' असा प्रश्न येईल. मी शपथेवर, खरं बोलतेय अशा खात्रीने, जे मला दिसतंय ते सांगेन की या कागदावर लिहिलंय ते सांगेन, हे आज मला ठामपणे म्हणता येत नाही. कागदावरचं सांगितलं तर ते पाठ केलेलं ठरेल आणि आकडा कोसळेल. मला दिसतंय ते सांगितलं तर आकडा नव्वदच्या पुढे जाईल आणि महादेव कोळेकर आणखी सहा वर्षं आत राहील.

म्हणून हे कागद, निळी वही आणि झाकण मी आज सुगंधाच्या हवाली करतेय. सुगंधा, हे तुझ्या वकिलांना दे. सोमवारी मी यापेक्षा वेगळं बोलले तर हे खरं धरायला सांग, मला नको. मी कितीही शांतपणे बोलले तरी. शांतपणे बोलले तर विशेषकरून.

एक गोष्ट लिहायची राहिली. तातोबांकडचं ते पान वाचलं तेव्हापासून मला धड झोप नव्हती, दोन-अडीचला जाग यायची आणि आत काहीतरी टोचत राहायचं.

काल मला गाढ झोप लागली.